एकशे चौऱ्याऐंशी परार्धांची वाटणी

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त संख्यास्थानांची नावं ओळीने दिली आहेत. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. अठरा स्थानं. ११५० सालच्या ग्रंथाला एवढी पुरून उरली असतील. मला ज्याच्याबद्दल लिहायचं आहे तो आकडा मात्र वीस अंकी आहे. परार्धापर्यंत पोचलं तरी त्याचे दोन अंक बाहेरच उभे राहतात.

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

परार्धातच बोलायचं तर एकशे चौऱ्याऐंशी परार्ध आणि वर बरंच काही. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत गेलं की एकूण एवढे दाणे लागतात. राजा, हुशार ब्राह्मण आणि त्याचं बक्षीस ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, ती मी लांबवत नाही. मध्य आशियातल्या अल्-बिरूनी या विद्वानाने इसवी सन १०००च्या सुमारास ही बेरीज मांडून ठेवली, एवढं मात्र सांगतो. तो कोणत्या वाटेने गेला ते पुढे येईलच.

गोष्टीत राजा नेहमी घाबरतो आणि ऐकणारा नेहमी थक्क होतो. आकडा केवढा मोठा, बस्स, इथे गोष्ट संपते. मला ते कधीच पटलं नाही. मोठेपणा हा आकड्याचा सगळ्यात कंटाळवाणा गुण आहे. त्याच्या पुढेमागे तेवढेच मोठे असंख्य आकडे पडलेले असतात. आमच्या आबाजींनी मात्र पहिल्याच बैठकीत योग्य तो प्रश्न विचारला. त्यासाठी आधी जवारी सांगायला हवी.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडे. मी बी.एस्सी. करून शेतीत परत आलो. संध्याकाळी गावातली पोरं गणितासाठी ओट्यावर येतात. पटाची गोष्ट पुस्तकात आली तेव्हा पोट्टे म्हणाले, दाणे मांडूनच पाहू. खडूनं पट आखला, पण जवारी आणायची कुठून? ज्या गावात ढोल्या भरून जवारी असायची, घरोघरी दोन्ही वेळा भाकर व्हायची, तिथे आता धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत सोयाबीन, पऱ्हाटी आणि मधात तुरीच्या ओळी. जवारी पेरली की पाखरं आहेत, रानडुकरं आहेत आणि कणीस खुडायला माणूस नाही. शेवटी किराणा दुकानातून दोन किलो आणली. ओट्यावर बसलेल्या आबाजींना हे काही आवडलं नाही. "जवारी इकत आनाची पाळी आली बापा," म्हणाले आणि तंबाखू मळत बसले.

दोन किलोच का, तर हजार दाण्यांचं वजन भरतं साधारण तीस ग्रॅम. पटाच्या पहिल्या ओळीत, म्हणजे आठ घरांत, मिळून २५५ दाणे. मूठभरही नाहीत. दुसरी ओळ संपते तेव्हा ६५,५३५ दाणे होतात, म्हणजे जवळजवळ दोन किलो. पोरांनी पहिली ओळ मोजून मांडली, दुसऱ्या ओळीत तिसऱ्या-चौथ्या घरापासून वाटीनं मापायला लागले. तिसरी ओळ संपायला पाच क्विंटल लागतात. आबाजींनी मान हलवली. कोरडवाह्या एकरात बरी पिकली तर याहून थोडी जास्त, म्हणजे इथवर त्यांच्या ओळखीचं होतं. चौथ्या ओळीअखेर १,२८८ क्विंटल. दहा टनी तेरा ट्रक. पाचवीला तेहतीस हजार टन, सहावीला चौऱ्याऐंशी लाख टन, सातवीला दोनशे सोळा कोटी टन. आठवी ओळ संपली की सुमारे पंचावन्न हजार कोटी टन. सगळ्या जगात वर्षाला जवारी पिकते साधारण सहा कोटी टन. तेव्हा नऊ हजार वर्षं जगभरच्या शेतकऱ्यांनी फक्त या राजाचं देणं फेडायचं.

पोरं खूश. कोणी तरी मोबाईल काढला आणि दोनाला दोनाने गुणत सुटलं. थोड्या वेळाने आठवीतली एक मुलगी फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, "सर, हे पाहा नं. एक पूर्णांक चौऱ्यांशी आन पुढं ई एकोनीस. बाकीचे आकडे कोठी गेले?"

बाकीचे आकडे कॅल्क्युलेटरने गिळले होते. खरं तर त्या फोनच्या पोटातल्या प्रोसेसरला हाच आकडा पूर्ण माहीत असतो. चौसष्ट खणांत शून्य किंवा एक ठेवून जो सगळ्यात मोठा पूर्णांक मावतो तो हाच, सगळे चौसष्ट खण एकाने भरलेले. त्यात आणखी एक मिळवला की सगळे खण शून्य होतात आणि वरचा एक ठेवायला जागा उरत नाही. पण पडद्यावर दहा-अकरा अंकच येतात. म्हणून आम्ही कागदावर करायला बसलो.

आबाजी तोवर गप्प होते. ते चौथीपर्यंत शिकलेले. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी अजून तोंडपाठ आहे. त्यांनी विचारलं, "आकडा मोठा हाय हे समजलं. पन तो किती जनाइत सारखा वाटल्या जाते, ते सांग."

वाटणी हा आमच्या घरातला जुना विषय आहे. सातबाऱ्यावर नावं वाढत गेली आणि शेताच्या पट्ट्या एवढ्या अरुंद झाल्या की आता एका पट्टीत बंडी वळत नाही. तेव्हा कोणतीही चीज समोर आली की आबाजींच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो. गणितात यालाच विभाजक काढणं म्हणतात, आणि मोठ्या आकड्याला विचारण्यासारखा दुसरा शहाणा प्रश्न मला तरी माहीत नाही.

दोघांत वाटला जात नाही हे सरळ आहे, शेवटी पाच आहे. पाचांत वाटला जातो, तेही त्याच कारणाने. तिघांत? अंकांची बेरीज करा: सत्याऐंशी. तीनाने जाते, नवाने जात नाही. म्हणजे तीन भावांत सारखा, नऊ भावांत नाही. सात जणांत एक दाणा उरतो, अकरांत चार उरतात. इथवर शाळेतल्या कसोट्या पुरतात. पुढे काय? सतरा, एकोणीस, तेवीस असा एकेक भागाकार करत जायचं? वीस अंकी आकड्याला तसं करायला बसलं तर आठवी ओळ भरेपर्यंतसुद्धा उरकणार नाही.

इथे थोडं मागे जाऊन आकडा तयार कसा होतो ते पाहावं लागतं.

एक साधी गोष्ट पोरांनी स्वतः शोधली. पटावरचे सगळे दाणे जसे आहेत तसे राहू द्या, फक्त हातात एक जास्तीचा दाणा घ्या. तो पहिल्या घरातल्या एकाला भेटला की दोन होतात. ते दोन उचलून दुसऱ्या घरात टाका, तिथले दोन मिळून चार. ते चार तिसऱ्या घरातल्या चाराला, आठ. असं शेवटपर्यंत ढकलत न्या. चौसष्टावं घर ओलांडताना हातात बरोबर दोनाचा चौसष्टावा घात असतो. म्हणजे आपला आकडा त्याहून एकाने कमी. बेरजेचं सूत्र पाठ करायची गरजच नाही.

मग दोनाचा चौसष्टावा घात काढायला त्रेसष्ट वेळा दुप्पट कशाला करायची? पिंगलाने छंदःशास्त्रात दोन हजार वर्षांपूर्वीच आडवाट दाखवून ठेवली आहे. त्याचा प्रश्न दाण्यांचा नव्हता, अक्षरांचा होता. लघू आणि गुरू अशा दोनच जातींची अक्षरं घेऊन अमुक लांबीचे चरण किती तऱ्हांनी बनतात? उत्तर दोनाचा तेवढावा घात. तो काढायला पिंगल सांगतो, संख्या निम्मी करत जा. चौसष्टाचे बत्तीस, बत्तीसाचे सोळा, आठ, चार, दोन, एक. सहा वेळा निम्मी झाली. आता उलट चढा, निम्मं केलं होतं तिथे वर्ग करा. दोन, चार, सोळा, दोनशे छप्पन्न, ६५,५३६, आणि मग ४,२९,४९,६७,२९६. आणखी एक वर्ग की झालं. त्रेसष्ट पायऱ्यांची चढण सहा पायऱ्यांत आली. अल्-बिरूनीही वर्ग करत करतच तिथे पोचला होता.

तो शेवटचा वर्ग त्या आठवीतल्या मुलीने केला. दहा अंकी गुणिले दहा अंकी, वहीचं आडवं पान. "मी करून पायतो," म्हणाली. (वऱ्हाडात मुलीही पायतो, जातो असंच बोलतात. पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.) उत्तर आलं तेव्हा आबाजींनी नवाचा ताळा घ्यायला लावला. ४,२९,४९,६७,२९६ची बेरीज अठ्ठावन्न, तेरा, चार. चाराचा वर्ग सोळा, सात. उत्तराच्या अंकांची बेरीज अठ्ठ्याऐंशी, सोळा, सात. ताळा जमला. ताळा जमला म्हणजे उत्तर बरोबरच असं नाही, पण जमला नसता तर चूक नक्की होती. हा फरक समजलेलं माणूस मला कोणत्याही पदवीधरापेक्षा जास्त आवडतं, आणि आबाजींना तो समजतो.

आता खरी गंमत. दाण्यांचा चौकोन मांडा, सोळा ओळी, प्रत्येक ओळीत सोळा. २५६ दाणे. कोपऱ्यातला एक दाणा उचलून घ्या. शेवटच्या ओळीत पंधरा उरले. ते पंधरा वरच्या पंधरा ओळींना एकेक वाटून द्या. झाल्या पंधरा ओळी, प्रत्येकीत सतरा. म्हणजे २५५ म्हणजे पंधरा गुणिले सतरा. पोरांनी हे ओट्यावर जवारीनं केलं, बोटाने दाणे सरकवत. कोणत्याही वर्गातून एक काढला की तो असाच उलगडतो, एक कमी गुणिले एक जास्त.

मग पंधरा म्हणजे तरी काय? सोळातून एक कमी, चाराचा वर्ग वजा एक. तीन गुणिले पाच. आणि तीन म्हणजे चारातून एक कमी, एक गुणिले तीन. तेव्हा २५५ = ३ × ५ × १७. पहिली ओळ फुटली.

आता पिंगलाची शिडी आठवा. दोन, चार, सोळा, २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीचा वर्ग. म्हणून शेवटून एक काढला की आकडा एकेक पायरी खाली उतरत उलगडत जातो, आणि प्रत्येक पायरीवर 'एक जास्त'चा तुकडा सोडत जातो. तीन, पाच, सतरा, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. या सहांचा गुणाकार म्हणजे आपला वीस अंकी आकडा. भागाकार एकही केला नाही. पटावर पाहिलं तर हे तुकडे ठरावीक घरांवर भेटतात. दुसऱ्या घरापर्यंतची बेरीज तीन, चौथ्यापर्यंत पंधरा, आठव्यापर्यंत २५५. सोळाव्या घराशी २५७ येऊन मिळतो, बत्तिसाव्याशी ६५,५३७ आणि शेवटच्या घराशी तो दहा अंकी.

आबाजींना मी सांगितलं की तीन, पाच, सतरा, २५७ आणि ६५,५३७ यांची पुढे वाटणी होत नाही, ते अविभाज्य आहेत. त्यांनी लगेच शेवटच्यावर बोट ठेवलं. "आन हा दहा आकड्याचा?"

इथे पिएर द फर्मा हा फ्रेंच गणितज्ञ फसला होता. १६४०मध्ये त्याने पत्रातून कळवलं की या शिडीवरचे 'एक जास्त' सगळेच अविभाज्य असतात असं मला वाटतं. पहिले पाच आहेतच. सिद्धता त्याच्याकडे नव्हती, तसं तो म्हणालाही. १७२९मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने आपल्या तरुण गणितज्ञ मित्राला, ऑयलरला विचारलं, फर्माचं हे म्हणणं तुला माहीत आहे का? १७३२मध्ये पंचविशीतल्या ऑयलरने उत्तर दिलं: ४,२९,४९,६७,२९७ला ६४१ने भाग जातो. भागाकार येतो ६७,००,४१७.

६४१ त्याला कसा सुचला? नुसतं चाचपडून नाही. ऑयलरने नंतर दाखवलं की या दहा अंकी आकड्याचा कोणताही अविभाज्य विभाजक चौसष्टाच्या पटीहून एक जास्त असलाच पाहिजे. तेव्हा ६५, १२९, १९३, २५७ असं जात राहायचं आणि त्यातले फक्त अविभाज्य तपासायचे. १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवाच लागू पडतो. फर्माने एवढे पाच भागाकार केले असते तर! त्याच्याजवळ लागणारं हत्यारही होतं. मोठ्या माणसांना आपल्या तर्काची एकदा आवड लागली की तपासायला बसणं होत नाही, एवढंच मी म्हणतो.

६४१ने भाग जातो हे भागाकार न करताही दिसतं, आणि ती युक्ती मला फार आवडते. पाच गुणिले १२८ म्हणजे ६४०, ६४१ला एक कमी. म्हणजे ६४१च्या हिशेबात बाकी 'उणे एक'. दोन्ही बाजूंचा चौथा घात करा, उणे जाऊन बाकी एक राहते. आता डाव्या बाजूला पाचाचा चौथा घात ६२५ आणि दोनाचा अठ्ठाविसावा घात आहे. पण ६२५ म्हणजे ६४१ला सोळा कमी, त्याच्या जागी उणे सोळा लिहा. सोळा म्हणजे दोनाचा चौथा घात, चार आणि अठ्ठावीस मिळून बत्तीस. तेव्हा उणे दोनाचा बत्तिसावा घात, बाकी एक. हा एक पलीकडे नेला की दोनाचा बत्तिसावा घात अधिक एक, बाकी शून्य. दहा अंकी आकडा कुठेही लिहावा न लागता तो कापला गेला.

तर आबाजींच्या प्रश्नाचं पुरतं उत्तर असं:

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७.

सात वेगवेगळे अविभाज्य, प्रत्येक एकेकदाच. एखादा हिस्सा बनवताना यातला प्रत्येक एक तर घ्यायचा नाही तर सोडायचा. लघू किंवा गुरू! सात अक्षरी चरणाचे १२८ प्रकार, तसे या आकड्याचे १२८ विभाजक. म्हणजे १२८ वेगवेगळ्या तऱ्हांनी तो सारखा वाटला जातो, दाणाही न उरता. आबाजींनी हे दोनदा ऐकलं. "मंग हा वाटनीचा मानूस हाय," म्हणाले. त्यांच्या तोंडी ही मोठी तारीफ.

पिंगलाच्याच परंपरेतला मेरुप्रस्तारही इथे येऊन मिळतो. हलायुधाने दहाव्या शतकात तो उलगडून सांगितला. वर एक, त्याखाली एक-एक, मग एक-दोन-एक, प्रत्येक घर वरच्या दोन घरांची बेरीज. त्यातल्या विषम आकड्यांच्या जागी एक आणि सम आकड्यांच्या जागी शून्य लिहून प्रत्येक ओळ दोनाच्या पद्धतीने, म्हणजे उजवीकडून १, २, ४, ८ अशी घरांची किंमत धरून, वाचली तर क्रमाने निघतात १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५. आपलेच तुकडे आणि त्यांचे गुणाकार! वरची एकटी एक धरून चौसष्टाव्या ओळीत चौसष्ट घरं असतात आणि ती सगळीच्या सगळी विषम. ती ओळ वाचली की आपला वीस अंकी आकडा. हे मी कागदावर पूर्ण काढलेलं नाही, सोळाव्या ओळीपर्यंत पोरांनी गुलालाने रंगवलं. पुढचं सिद्धतेवर सोडलं.

गाउस या जर्मन गणितज्ञाचंही याच आकड्यांशी जुनं नातं. १७९६मध्ये, एकोणीस पूर्ण व्हायच्या आत, त्याने पट्टी-कंपासने सतरा बाजूंची सुसम आकृती काढता येते हे दाखवलं. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाचांचा गुणाकार, म्हणजे बत्तिसाव्या घरापर्यंतची बेरीज ४,२९,४९,६७,२९५, ही अशा आकृतींच्या ज्ञात विषम बाजूंपैकी सगळ्यात मोठी संख्या आहे. हर्मेस नावाच्या जर्मन गणितज्ञाने ६५,५३७ बाजूंच्या आकृतीवर दहा वर्षं घालवली. मला तो माणूस समजतो, पण त्याच्या घरच्यांचं काय झालं असेल तेही समजतं.

हिवाळ्यात आमच्याकडे जागल असते. तुरीच्या शेंगा भरल्या की रोही आणि डुकरं रात्री येतात, आणि मोटारीची लाईनही कधी कधी रात्रीचीच असते. मचाणावर टॉर्च, घोंगडं आणि वही. अशाच रात्रींत मी या आकड्याच्या शेजाऱ्यांकडे वळलो.

एकाने पुढे गेलं की १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६, म्हणजे दोनाचा चौसष्टावा घात. त्यात दोनाशिवाय काहीच नाही. दोघांत, चारांत, आठांत, सोळांत वाटता येतो. तिघा भावांचं घर असेल तर बाद. विभाजक पासष्ट. एकच दाणा वाढला आणि तीन, पाच, सतरा, सगळ्यांचे हिस्से मोडले.

आणखी एकाने पुढे गेलं की १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७. पिंगलाच्या शिडीवरची पुढची पायरी अधिक एक. आपल्या आकड्यापासून फक्त दोन दाणे दूर. पण आपला आकडा जसा ओट्यावर बोटाने सरकवून उलगडला तसा हा उलगडत नाही. वर्गातून एक काढला तर चौकोनाची सुबक मांडणी होते; वर्गात एक घातला तर तो एक दाणा बाहेर लोंबकळतो, त्याला कोणत्या ओळीत घ्यावं कळत नाही. एवढं मात्र खात्रीने सांगता येतं की आपल्या सातांपैकी कोणीही त्याला भागू शकत नाही. ते सगळे त्याच्याहून दोनाने लहान आकड्याला भागतात, मग यालाही भागले तर दोनालाही भागावे लागतील. गोल्डबाखने १७३०मध्ये ऑयलरला हेच कळवलं होतं: शिडीवरच्या 'एक जास्त' आकड्यांपैकी कोणत्याही दोहोंत एकाशिवाय सामाईक विभाजक नाही. शिडीला अंत नाही, प्रत्येक पायरीला निदान एक नवा अविभाज्य लागतो, तेव्हा अविभाज्यांनाही अंत नाही. युक्लिडची सिद्धता सगळे शिकवतात. ही कोणी शिकवत नाही, आणि मला ही जास्त देखणी वाटते.

त्या ...६१७चे हिस्से १८८०मध्ये फॉर्च्यूने लांद्री या फ्रेंच माणसाने काढले, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. २,७४,१७७ × ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. बस्स, दोनच अविभाज्य. विभाजक मोजायचे तर एक, तो स्वतः आणि हे दोन, असे चार. इकडे १२८, मधे पासष्ट, तिकडे चार. तिघेही वीस अंकी, तिघेही एका पट्टीत शेजारी शेजारी. लांद्रीचा आकडा मी जागलीवर स्वतः गुणून पाहिला, मोठा गुणाकार आहे पण जमतो. गुणून पाहणं आणि मुळात ते दोघे शोधणं यांत केवढं अंतर आहे ते तेव्हा अंगावर येतं.

आबाजींना लांद्रीचं वय ऐकून बरं वाटलं. त्यांचंही तेवढ्याच्या आसपास असेल, नेमकं कोणाला माहीत नाही.

शिडी पुढे चालूच आहे. पुढची पायरी एकोणचाळीस अंकी, तिचे हिस्से १९७०मध्ये संगणकाने निघाले. पहिला तुकडा तीन, तो शून्यावा धरून मोजलं तर विसाव्या पायरीवरचा आकडा ३,१५,६५३ अंकी आहे. तो अविभाज्य नाही हे पक्कं ठरलेलं आहे. पण त्याचा एकही विभाजक आजवर कोणाला सापडलेला नाही. हे सांगितल्यावर आबाजी पहिल्यांदाच चिडले. "वाटनी होते म्हनता, आन हिस्सा कोनाचा किती ते ठाऊक नाई? मंग होते हे कोनं ठरोलं?"

रास्त प्रश्न. त्याचं उत्तर १८७७चं आहे, पेपँ नावाच्या गणितज्ञाचं. त्याची कसोटी पुन्हा वर्ग करण्याचीच. तीनापासून सुरुवात करा, वर्ग करत जा, प्रत्येक वेळी तपासायच्या आकड्याने भागून फक्त बाकी ठेवा. ठरलेल्या संख्येइतके वर्ग झाल्यावर बाकी त्या आकड्याहून बरोबर एकाने कमी आली, तर आकडा अविभाज्य. दुसरं काहीही आलं, तर नाही. हिस्से किती हे ती सांगतच नाही.

आठवीतली मुलगी ऐकत होती. सतरावर करून पाहा म्हटलं. तीनाचा वर्ग नऊ. नवाचा एक्क्याऐंशी, सतराने भागून तेरा. तेराचा एकशे एकोणसत्तर, बाकी सोळा. सतराला एक कमी. तीन वर्गांत झालं.

मग तिने विचारल्याशिवाय २५७ घेतला. सात वर्ग लागतात. नऊ, एक्क्याऐंशी, १३६, २४९, चौसष्ट, २४१. प्रत्येक बाकी आबाजी नवाच्या ताळ्याने तपासत होते. शेवटची आली २५६.

६५,५३७ला पंधरा वर्ग लागतील, पाच अंकी गुणिले पाच अंकी. ते रविवारी करतो म्हणाली, कापूस वेचून आल्यावर.